डाव्या बाजूचा बोल्ट

लाइल पेल्कोला हा माणूस डावखुरा आणि त्याच्या बापाची रायफल उजवी. सगळं रामायण एवढ्यातच आलं.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखी पोलादी दांडी. बार उडाला की ती वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि पुढे ढकलून खाली दाबली की नवी गोळी नळीत. ही दांडी असते उजव्या बाजूला, कारण जग उजव्यांनी उजव्यांसाठी केलेलं आहे, डावखुऱ्यांनी त्यात आपली सोय बघावी. लाइलचा उजवा डोळा जन्मापासून अधू, म्हणून दस्ता डाव्या खांद्याला लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक बार उडाला की त्यानं डावा हात चापावरून काढायचा, दुर्बिणीच्या वरून पलीकडे न्यायचा, चाचपडत दांडी शोधायची, ओढायची, ढकलायची आणि परत आपल्या जागी यायचं. नुसता द्राविडी प्राणायाम. तेवढ्यात हरीण शेजारच्या तालुक्यात पोचलेलं असायचं. म्हणून लाइलला आयुष्यभर एकच गोळी होती. दुसरी मॅगझिनमध्ये असायची, उपयोगाला कधी आली नाही.

पेल्कोलांचा कॅम्प मिशिगनच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि नुसती झाडं उरतात तिथे. लाकडाची एक खोली, एक शेगडी, ओढ्याकाठी सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची खोली. नोव्हेंबरच्या मध्याला शिकारीचा हंगाम उघडला की घरातले पुरुष तिथे जमायचे आणि पंधरा दिवस दाढी करायचे नाहीत. कॅम्पचं एक गाणं होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं: एक बार, हरीण ठार; दोन बार, बघू यार; तीन बार, रिकामं दार. पहाटे शेगडीपाशी बसलेला माणूस रानातले बार मोजून सांगायचा, कोणाकडे दोर घेऊन जायचं आणि कोणाकडे कात्री. दोर हरीण ओढून आणायला, आणि कात्री अशासाठी, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून भिंतीवर खिळ्यानं ठोकायची, त्यावर त्याचं नाव आणि साल लिहायचं, आणि मग वर्षभर सगळ्यांनी हसायचं.

लाइलच्या दोन शेपट्या भिंतीवर होत्या. गेल्या वर्षीची आणि त्याच्या आदल्या वर्षीची. दोन्ही वेळा त्याच्या बाजूनं एकच बार ऐकू आला, मंडळी मोठ्या आशेनं दोर घेऊन धावली आणि लाइल दगडावर बसून बर्फाकडे बघत होता.

आणि लागोपाठ तिसरी शेपटी कापली गेली, की ठिय्या, म्हणजे रानात बसायची ठरलेली जागा, जातो. हाही आजोबांचाच नियम. ज्याला तीन वर्षं नेम साधत नाही त्यानं चांगली जागा अडवून बसू नये, दुसऱ्याला द्यावी आणि आपण शेगडीपाशी बटाटे सोलावेत.

लाइलचा ठिय्या म्हणजे एक दगड. पाठीला टेकायला हेमलॉकचं जुनं झाड, समोर दलदल, आणि दलदलीतून हरणं टेकडीकडे निघतात ती वाट बरोबर डोळ्यांपुढे. त्याचा बाप एल्मर शेवटच्या हंगामापर्यंत तिथे बसला. लाइलनं बापाला जे काही सांगायचं राहिलं ते सगळं तिथेच सांगितलं होतं, बाप गेल्यावर. कब्रस्तानात त्याला एक शब्द फुटायचा नाही. त्या दगडावर बसलं की बाप भेटायचा. ही गोष्ट त्यानं बायकोखेरीज कोणाला सांगितली नव्हती, आणि कॅम्पवर सांगितली असती तर त्याचीही शेपटी भिंतीवर लागली असती.

दगडावर डोळा होता चुलतभाऊ ग्लेनचा. भाऊबंदकीला शेताचा बांधच लागतो असं नाही, एक दगडही पुरतो. ग्लेनचं म्हणणं असं, की दगड मुळात त्याच्या बापाचा. ते खरंच होतं. ताउनोकाका थोरले, एल्मर धाकटा. दगड आधी ताउनोकाकांकडेच होता. पण तरुणपणी त्यांच्या तीन शेपट्या लागोपाठ कापल्या गेल्या, दगड धाकट्याकडे गेला, आणि काका शेगडीपाशी बसले ते कायमचे. आता ते कॅम्पचे कारभारी होते. ऐंशीच्या घरातला ताठ माणूस, कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते खिळा ठोकल्यासारखं. लहानपणापासून लाइलला त्यांनी एकाच नावानं हाक मारली होती, डावऱ्या. पोराचा हात वेळीच बांधला असता तर सरळ झाला असता, असं ते एल्मरला वारंवार ऐकवायचे. एल्मरनं ऐकलं नाही, याचा राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

अशी सगळी परिस्थिती, आणि ऑक्टोबरात लाइल शेगडीचा पाइप आणायला बर्निसच्या दुकानात गेला.

बर्निसचं दुकान हार्डवेअरचं. रंगाचे डबे ओलांडून मागे गेलं की भिंतीला रायफली लावलेल्या. लाइल तिथे उगाच रेंगाळायचा, जसे बाकीचे रेंगाळतात. त्या दिवशी कडेला एक नवी काळी रायफल दिसली, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, आणि तिच्याकडे बघताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. दांडी डावीकडे होती.

“घे हातात,” बर्निस म्हणाली. “चावत नाही.”

त्यानं घेतली, खांद्याला लावली, आणि दांडी त्याच्या हाताखाली आपसूक आली. वर, मागे, पुढे, खाली. डोळा दुर्बिणीवरून हललाच नाही. लाइल पन्नाशी ओलांडलेला माणूस, हिवाळाभर सरकारी ट्रकनं रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा, असल्या गोष्टींनी हुरळणारा नव्हे. पण त्यानं दांडी परत ओढली, आणि पुन्हा एकदा. पायात आयुष्यभर दुसऱ्याचे बूट घातलेल्या माणसाला स्वतःच्या मापाचे मिळाले की तो असाच उगाच चार पावलं चालून बघतो.

पूर्वी डावखुऱ्यांच्या रायफली म्हणजे श्रीमंतांची चैन, मागवून घ्यायच्या आणि दुप्पट मोजायचं. ही मात्र दुकानातली सगळ्यात स्वस्त होती, आणि तिथेच सगळी गोम. बर्निसनं काही लपवलं नाही. दस्ता पोकळ आहे, म्हणाली, टिचकी मारली की डब्यासारखा वाजतो. मॅगझिन प्लॅस्टिकचं. वर लावलेली दुर्बीण जेमतेम. चाप जड. नळी मात्र चांगली असं लोक म्हणतात, पण मी मारून बघितलेली नाही, आणि तू एकदा बार काढलास की परत घेणार नाही.

लाइल पाइप घेऊन घरी आला. मनात रायफल.

पुढचे आठ दिवस त्यानं स्वतःशी वकिली केली. एकदा या बाजूनं, एकदा त्या. स्वस्त ते महाग पडतं, हे बापाचं वाक्य. बापाची रायफल अक्रोडाच्या लाकडाची, पोलाद निळसर, दस्त्यावर बापाच्या गालानं झालेली झळाळी. ती खुंटीला टांगून प्लॅस्टिक हातात घ्यायचं? पण त्याच बापाच्या दगडासाठीच तर घ्यायचं. आणि घेतली, आणि तिनंच दगा दिला तर? मग दगडही गेला आणि अब्रूही. चुकलेल्या नेमाला माफी असते. हात दाखवून अवलक्षण करणाऱ्याला नसते.

रविवारी काकांकडे कॉफी असायची, वेलदोडा घातलेला वेणीचा पाव असायचा. लाइलनं विषय काढायला नको होता, तो निघाला. ग्लेनला तर दिवाळीच सापडली. त्यात गोळ्या भरतात की कालची भाजी, झाकण घट्ट बसतं का, फ्रीजमध्ये ठेवली तर चालते का, असं त्याचं सुरू झालं ते पाव संपेपर्यंत. काकांनी साखरेचा खडा दातात धरून कॉफी ओढली आणि एवढंच म्हणाले, की दोष रायफलीत नसतो, हातात असतो. आणि हात सुधारायचं वय गेलं.

परतताना गाडीत वेंडीनंच विषय काढला. वेंडी त्याची बायको, गावच्या दवाखान्यात नर्स, आणि तिला आडवळणं घ्यायला वेळ नसतो.

“तुला ती आवडली का?”

“हलकी आहे गं. प्लॅस्टिक आहे.”

“ते विचारलं नाही मी.”

“हातात बसली,” लाइल म्हणाला.

“मग झालं तर. तुझे बाबा ती रायफल तुला देऊन गेले कारण त्यांच्याकडे ती एकच होती. डावी असती तर डावी दिली असती. आता यात आणखी काय विचार करायचाय मला कळत नाही.”

सोमवारी लाइलनं रायफल आणली.

शनिवारी तो गावाबाहेरच्या वाळूच्या खाणीत गेला, सोबत वेंडी. पुठ्ठ्यावर काळा ठिपका, शंभर यार्डांवर. बाकावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल. पहिला बार. मग दुसरी गोळी भरायला त्याचा डावा हात सरळ दुर्बिणीच्या वरून पलीकडे गेला आणि हवेत बोटं मिटली. दांडी तिथे नव्हतीच. ती त्याच्या अंगठ्याशी, जिथून हात निघाला तिथेच होती.

वेंडी हसली. तोही हसला. पण दुसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं, तिसऱ्या वेळीही. एवढी वर्षं चुकीचं शिकलेला हात, त्याला बरोबर गोष्ट दिली तर तो बावचळला. जित्याची खोड. लाइल बाकावर बसून राहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता अडचण रायफलीची नव्हती. काका म्हणाले होते तेच खरं निघत होतं.

गंमत म्हणजे रायफलीनं आपलं काम चोख केलं होतं. पुठ्ठा आणायला वेंडी गेली आणि येताना तिनं तीनही भोकांवर तळहात ठेवून दाखवला, सगळी झाकली गेली. बापाच्या रायफलीनं इतक्या जवळ जवळ कधी मारलं नव्हतं. चाप जड होता, दस्ता गाल लावला की कुरकुरायचा, मॅगझिन खडखडायचं. पण गोळी जिथे सांगितली तिथे जात होती. स्वस्त वस्तूची लाज तिच्या मालकाला वाटते, तिला स्वतःला काही वाटत नाही.

त्या संध्याकाळपासून वेंडीनं त्याला शिकवणीला बसवलं. गोळ्या घराच्या दुसऱ्या टोकाला कुलपात, रायफल रिकामी, दोघांनी दोनदा तपासलेली. ती स्वयंपाक करता करता मध्येच टाळी वाजवायची, त्यानं चाप ओढायचा आणि दांडी मारायची. हात पलीकडे गेला की भांडी त्याच्याकडे. पहिला आठवडा घरातली सगळी भांडी लाइलनं घासली. दुसऱ्या आठवड्यात अर्धी. ट्रक चालवताना तो गिअरच्या मुठीवर हात ठेवून मनात म्हणायचा, वर, मागे, पुढे, खाली. जेवताना हात आपोआप हलायचा. वेंडीच्या आईला वाटलं जावयाला झटका येतोय.

हंगामाच्या आदल्या दिवशी, निघायच्या आधी, वेंडीनं शेवटची टाळी वाजवली, तो बुटाची नाडी बांधत असताना, रायफल भिंतीला टेकलेली. त्यानं उचलली, लावली, ओढली, दांडी मारली. हात चुकला नाही. पण स्वयंपाकघर वेगळं आणि हरीण वेगळं, हे दोघांनाही माहीत होतं. तिनं पास्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या कानवल्याचं, पुडकं त्याच्या कोटाच्या खिशात कोंबलं.

कॅम्पवर दाराच्या आत खुंट्या होत्या, प्रत्येकाची रायफल आपापल्या खुंटीवर. लाइल आत आला आणि ग्लेननं मोठ्यानं विचारलं, की डब्यात जेवण काय आणलंय. सगळे हसले. लाइल रायफल खुंटीला लावायला गेला तेव्हा काका शेगडीपासून न उठता म्हणाले, “ती बाहेर. पडवीत. खुंट्या लाकडासाठी आहेत.”

लाइलनं रायफल पडवीत ठेवली. कान लाल झाले होते. थंडीत राहिली म्हणून तिचं काही बिघडणार नव्हतं, उलट आतबाहेर करून दुर्बिणीला घाम येण्यापेक्षा ते बरंच. पण अपमान तो अपमान. जेवणं झाली, पत्ते झाले, आणि झोपण्याआधी काकांनी नियम सांगितला, सगळ्यांना ठाऊक असलेला, तरी सगळ्यांसमोर सांगितला. उद्या नेम चुकला तर दगड ग्लेनचा. हरीण पडलं तर लाइलचा. आणि उद्या बार काढलाच नाही, दबून बसून राहिलास, तरी चुकल्यातच धरीन. ग्लेन आढ्याकडे बघत होता आणि त्याच्या मिशीत हसू होतं.

सकाळी लाइल दगडावर बसला तेव्हा अजून तारे होते. मग दलदलीवरचं आभाळ राखी झालं, झाडं एकेक करून वेगळी झाली. थंडी अशी, की श्वास दाढीवर गोठत होता. त्यानं बापाला सांगितलं, की रायफल घरी आहे, पुसून ठेवली आहे, राग मानू नका.

उजाडून बराच वेळ झाल्यावर नर आला. दलदलीच्या कडेनं, मान खाली घालून, एका हरिणीच्या मागावर, जगाचं भान नसलेला. शिंगं अशी की लाइलनं ती पुन्हा बघितली नाहीत. शिंगांकडे बघणाऱ्याचा हात कापतो, हे बापाचं शिकवणं. त्यानं रायफल हळूच डाव्या खांद्याला आणली. गाल टेकला, दस्ता कुरकुरला, नर थांबला. जड चाप, आणखी जड, आणि बार.

नर उडाला. पडला नाही, उडाला. मध्ये आल्डरच्या झुडपाची करंगळीएवढी फांदी होती, दुर्बिणीत दिसली नव्हती. तिचे तुकडे हवेत भिरभिरले आणि गोळी कुठे गेली ते देव जाणे. तीन उड्यांत नर टेकडीच्या पायथ्याशी.

आणि तिथे तो वळून बघायला थांबला. हरणं थांबतात. काय झालं ते बघायला क्षणभर थांबतात, हे रानात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि आयुष्यभर लाइलनं हा क्षण दुर्बिणीच्या पलीकडे दांडी शोधण्यात घालवला होता. यावेळी तो सबंध क्षण त्याच्याकडे होता. पुंगळी बाहेर पडून बर्फात चुरचुरत विझली होती, नवी गोळी आत होती, हात चापावर होता. हे कधी झालं ते त्याला कळलंही नाही. हातानं परस्पर उरकलं होतं. डोळा दुर्बिणीवरून हलला नव्हता, नर समोर आडवा उभा होता, आणि मध्ये काहीच नव्हतं.

दुसरा बार.

नर जागच्या जागी बसला आणि मग कुशीवर झाला.

लाइल उभा राहिला. नियम असा, की थांबावं, बघावं, मग हळूहळू जावं. तो सगळे नियम पाळून थांबला, बघितलं, आणि मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की दलदलीतले कावळे उठले. तो ओरडला, बापाच्या नावानं ओरडला, दगडावर उभं राहून दोन्ही हात वर करून ओरडला. पन्नाशीतला माणूस, नारिंगी कोट, दाढीत बर्फ. कोणी बघितलं असतं तर दवाखान्यात कळवलं असतं. त्याला त्याची पर्वा नव्हती. त्याला वाटत होतं की आज जन्मात पहिल्यांदा तो पुरतं वाक्य बोलला, एरवी नेहमी अर्ध्यावर तोडलं जायचं.

त्यानं हरणापाशी जाऊन टोपी काढली, परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली, पोट साफ केलं, आणि दोर घेऊन येणाऱ्या मंडळींची वाट बघत बसला.

कोणी आलं नाही.

झालं होतं असं, की शेगडीपाशी काकांनी बार मोजले होते, आणि लागोपाठचे दोन बार लाइलच्या बाजूनं ऐकून त्यांनी मान हलवली होती. डावऱ्याचा दुसरा बार जेवण होईस्तोवर येत नाही, ते म्हणाले होते. हे ओढ्यापलीकडच्या कॅम्पचं कोणीतरी. इतका भरवसा. तो दुसऱ्यांदा मारणारच नाही, यावर अख्ख्या कॅम्पनं डोळे मिटून विश्वास ठेवला होता. ग्लेन तर रानातून परतून कात्रीला धार लावत बसला होता.

तेव्हा लाइलनं एकट्यानं ओढलं. दलदलीच्या कडेनं, पडलेल्या झाडांवरून, ओढ्याच्या गोठलेल्या काठावरून. वाटेत दोनदा पडला, एकदा बूट पाण्यानं भरला, वेंडीची पास्टी चालता चालता खाल्ली. दमणूक झाली पण कुरकुर मात्र एक नाही. हरीण जड असल्याची तक्रार कोण करतो?

कॅम्पच्या अंगणात पोचला तेव्हा ग्लेन लाकडं घ्यायला बाहेर आला होता. त्याच्या हातातली लाकडं हातातच राहिली. आधी तो हरणाकडे बघत राहिला, मग लाइलच्या मागे, आणखी कोणी येतंय का ते बघायला.

“कोणाचं?”

“माझं.”

“दोन बार झाले होते.”

“हो,” लाइल म्हणाला. “दोन्ही माझेच.”

ग्लेननं शिंगं मोजली, गोळीची जागा बघितली, परत शिंगं मोजली. मग आत जाऊन सगळ्यांना बोलावलं, आणि हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, की बोलावताना त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. कुढा असेल पण लबाड नव्हता. पाठीवर थापा पडल्या, कोणीतरी सौना पेटवायला धावलं, कोणीतरी बाटली काढली. लाइलला चार जणांना चार वेळा सांगावं लागलं, आणि प्रत्येक वेळी आल्डरची फांदी थोडी जाड होत गेली.

काका शेवटी बाहेर आले. हरणाकडे त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्यांचा डोळा लाइलच्या खांद्यावर होता.

“ती दे.”

लाइलनं मॅगझिन काढलं, दांडी मागे ओढून रायफल रिकामी असल्याचं दाखवलं, आणि दिली. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा टिचकी मारून डब्याचा आवाज काढणार आणि आणखी एक खिळा ठोकणार. काकांनी ती हातात तोलली. मग हातमोजे काढून खिशात ठेवले, आणि रायफल खांद्याला लावली. डाव्या खांद्याला.

हसणाऱ्यांचं हसणं तोंडातच राहिलं. काकांचा गाल दस्त्यावर टेकला होता, डावा डोळा दुर्बिणीला, आणि डावा हात, सांध्यांत वाकलेला, डाग पडलेला, दांडीवर. वर, मागे, पुढे, खाली. सावकाश. मग आणखी एकदा, जरा चटकन.

“आबा,” ग्लेन म्हणाला. “तुम्ही तर उजवे.”

“मला उजवं केलं,” काका म्हणाले. त्यांनी रायफल खाली घेतली नाही. “शाळेत बाई पट्टी मारायची, घरी बाप बांधायचा. सुतळीनं, पाठीमागे. रात्री झोपतानासुद्धा. सुटला की परत बांधायचा. मी आठ वर्षांचा होईस्तोवर सरळ झालो.” त्यांनी दांडी पुन्हा एकदा ओढली. “त्या दगडावरून माझी एकही गोळी लागली नाही. सगळे म्हणाले, थोरल्याला नजर नाही.”

ग्लेन बापाकडे असा बघत होता, जणू हा माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटत होता. लाइलला आपला बाप आठवला, ज्यानं थोरल्या भावाची बोलणी वर्षानुवर्षं खाल्ली आणि पोराचा हात बांधला नाही. का बांधला नाही, ते आता कळलं. त्यानं सुतळी बघितली होती. लहानपणी, शेजारच्या खाटेवर, भावाच्या हाताला.

“काका,” लाइल म्हणाला. तो एक पाऊल पुढे आला.

“दगड तुझा,” काका म्हणाले. “ग्लेन, आजपासून दगडाचं नाव काढायचं नाही. आणि ही बाहेर राहणार नाही, आत घ्या, खुंटीवर, माझ्या.” मग त्यांनी दुर्बिणीतून दलदलीकडे बघितलं, दूरवर, कितीतरी वेळ, आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात, जवळजवळ लाजत विचारलं, “असली आणखी एक मिळेल का रे?”

“मिळेल,” लाइल म्हणाला. “स्वस्त आहे, काका. प्लॅस्टिकची आहे.”

“असू दे,” म्हातारा म्हणाला. खांद्यावरून ती काढायची त्याला घाई नव्हती, आणि कोणी मागितलीही नाही.